एकतीस नावांचा एकच मालक

एके काळी माझ्या नावावर एकतीस नावं होती. त्यातलं एकही माझं नव्हतं. जळगावात एका टेबलाशी बसून, एका फोनच्या लाइनवर मी ती लोकांना घेऊन दिली होती. घेताना एक चूक केली आणि ती धंद्याच्या सवयीतून झाली. सांगण्यासारख्या गमती पुष्कळ आहेत, त्या ओघाने येतीलच. पण लिहायला बसलो तो त्या चुकीसाठी, हे आधीच सांगून टाकतो.

सवय कुठली ते कळायला थोडं मागं जावं लागेल. ऐंशीच्या दशकात माझी टायपिंगची संस्था होती. आठ मशीन, चार मराठी आणि चार इंग्रजी. सकाळी मुलं-मुली परीक्षेसाठी मशीन बडवायची आणि दुपारी चोपडा, एरंडोल, पारोळ्याकडची माणसं अर्ज टाइप करून घ्यायला यायची. विहिरीची वीज, पेन्शन, मुलाची बदली, काय वाट्टेल ते. अर्जाखाली उत्तराचा पत्ता लागतो. खेड्यात टपाल कधी पोचायचं, कधी नाही. म्हणून लोक म्हणायचे, तुमचाच पत्ता टाका. मी टाकायचो : अमुक अमुक, द्वारा, आणि पुढे माझ्या संस्थेचं नाव. आलेली पाकिटं मी गावांप्रमाणे कप्प्यांत लावून ठेवायचो, माणूस बाजाराला आला की घेऊन जायचा. दहा-बारा वर्षांत माझ्याकडून एकाचंही पाकीट गहाळ झालं नाही. या गोष्टीचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे.

पुढे मशीनचे दिवस सरले. मी सहा मशीन भंगाराच्या भावात काढली, दोन जिवावर आलं म्हणून ठेवली, आणि कॉम्प्युटर घेतले. नव्वदीच्या शेवटी शेवटी इंटरनेट आलं. सुरुवातीला आमच्याकडून पुण्याला एसटीडी लावावी लागे. मोडेम आधी घसा साफ केल्यासारखा आवाज करायचा, मग किंचाळायचा, आणि दहातल्या सहा वेळा गप्प व्हायचा. लागलाच तर सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. लोक मग ई-मेल पाठवायला यायला लागले. पत्ता अर्थात माझाच. दुबईच्या, अमेरिकेच्या मुलांची पत्रं मी छापून त्याच जुन्या कप्प्यांत ठेवायचो. वीस वर्षांत काम तेच राहिलं, पाकीट तेवढं बदललं.

नाव घेऊन देण्याचा धंदा त्यातूनच सुरू झाला. आता शाळेतल्या पोराला सांगावं लागत नाही, पण तेव्हा मी रोज समजावत असे. इंटरनेटवर आपली चार पानं ठेवायची तर त्यांना पत्ता लागतो, डॉट कॉमवाला. तो पत्ता म्हणजे डोमेन नाव. एक नाव जगात एकदाच मिळतं. जो आधी मागेल त्याचं. मुदत संपण्याआधी पैसे भरत राहायचे. अमेरिकेत एका ठिकाणी त्याची नोंद होते आणि ती कोणालाही बघता येते : नाव हे, मालक हा, पत्ता असा. पैसे तिकडच्या कार्डावर भरावे लागत, ते काम माझे न्यू जर्सीतले साडू करत. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याचा मला झालेला हा एवढाच उपयोग, असं मी म्हणायचो आणि घरात बोलणी खायचो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. धुळ्याचे एक बँडमास्तर नाव नोंदवल्यावर आठवडाभराने आले आणि म्हणाले, "भाऊ, पार्सल आलं का?" त्यांना वाटलं होतं, नाव येतं म्हणजे पाटी येते. जळगावच्या एका सराफांनी तर गुरुजींना सोबत आणलं होतं. मुहूर्त अकरा सत्तावन्नचा आणि लाइन लागेना. गुरुजी घड्याळाकडे बघताहेत, सराफ माझ्याकडे, मी मोडेमकडे. अकरा अठ्ठावन्नला लागली. गुरुजींनी एका मिनिटाची सूट दिली. चाळीसगावच्या सुलभाअक्का मात्र वेगळ्या. गणिताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. त्यांना अडलेली गणितं सोडवून देणारं पान काढायचं होतं. त्या फॉर्म वाचून सही करणाऱ्या एकट्याच.

दुकानांची नोंद दुकानाच्या नावाने व्हायची, त्यांच्याकडे लेटरहेड, फॅक्स सगळं असे. प्रश्न एकट्यादुकट्या माणसांचा होता. त्या फॉर्ममध्ये मालकाचं नाव आणि मालकाचा ई-मेल मागत. माझ्या माणसांना ई-मेल नव्हता. मी 'द्वारा'ची जागा शोधली. फॉर्म वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, 'द्वारा' कुठेच नव्हतं. अमेरिकेत कोणी कोणाच्या पत्त्यावर राहत नसावं. मग मी सरळ मालकाच्या जागी माझं नाव टाकलं. लोकांना विचारून टाकलं. कोणाची ना नव्हती, अक्का सोडून. त्या म्हणाल्या, "शरदराव, यात मी कुठे आहे?" मी म्हणालो, "अक्का, तुम्ही माझ्या वहीत आहात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण सही केली.

विठ्ठलनाना पाटील आले ते याच दिवसांत. चोपडा तालुक्यातले केळीवाले, माझे टायपिंगच्या काळापासूनचे. माणूस बोलायला कमी आणि ऐकायला पक्का. त्यांच्या वडिलांनी तीस-पस्तीस वर्षं केळीच्या बागेची टिपणवही ठेवली होती. कोणत्या आठवड्यात लावण, कोणत्या रात्री थंडीने पानं गेली, सातपुड्यावरून वारा सुटला तेव्हा किती झाडं आडवी झाली, सगळं. नानांच्या पुतणीने त्यातलं निवडक इंग्रजीत केलं होतं. ते जगासमोर ठेवायचं होतं. नाव काय द्यायचं म्हटलं, तर नानांनी त्यांच्या अहिराणीत उलट मलाच विचारलं.

"मन्हा बापनं नाव लागी का तठे?"

वडिलांचं नाव सुपडू. आमच्याकडे ते नाव का ठेवतात ते खानदेशात कोणाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आधीची मुलं जगली नाहीत की नव्या बाळाला सुपात घालतात, ते सूप जमिनीवरून ओढतात, आणि बाळाचं नाव सुपडू ठेवतात. म्हणजे हे आमचं नाहीच, कचऱ्यासारखं टाकून दिलेलं आहे, याच्याकडे कोणी बघू नये. नानांच्या आजीची तीन गेली होती. हा चौथा सुपातून वाचला आणि ऐंशी वर्षं जगला. "शाळामा पोरं हासेत त्या नावले," नाना म्हणाले. "आते बठ्ठा जगले वाचू दे." बठ्ठा म्हणजे सगळ्या.

मी बघितलं, नाव मोकळं होतं. पाच इंग्रजी अक्षरं, कोणी घेतली नव्हती. मालकाच्या रकान्याशी आलो आणि नानांना विचारलं.

"तुन्हंच टाकी दे," नाना म्हणाले. "मन्हाकडे कोठे ते ई-मेल शे? तुन्हं ऱ्हायनं काय नि मन्हं ऱ्हायनं काय, एकच शे."

मी टाकलं.

महिन्याभरात नानांनी चोपड्याच्या पेंटरकडून तो पत्ता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे रंगवून घेतला. लोक तिथे आई-वडिलांची कृपा वगैरे लिहितात. नानांनीही एका अर्थी तेच लिहिलं होतं. केरळातल्या कोण्या केळीवाल्याचं पत्र आलं, वहीतल्या थंडीच्या नोंदीबद्दल विचारणारं. मी ते छापून चोपड्याच्या कप्प्यात ठेवलं. नानांनी ते तिथेच उभ्याने चारदा वाचून घेतलं, माझ्याकडून.

आता मोठ्या जगाकडे येतो. त्याच सुमाराला या सगळ्या नावांचा कारभार बघायला तिकडे एक नवी संस्था निघाली. नियम ती करणार, भांडण झालं तर निवाडा कसा व्हायचा ते ती ठरवणार. तिच्या सभेत गट होते. व्यापाऱ्यांचा गट, ट्रेडमार्कवाल्या वकिलांचा गट, इंटरनेट पुरवणाऱ्यांचा, नावं विकणाऱ्यांचा, संस्था-विद्यापीठांचा. ज्याने स्वतःसाठी एक नाव घेतलंय, असा साधा माणूस, त्याचा गट नव्हता. बाजार समितीत व्यापारी आले, अडते आले, हमाल-मापारी आले, आणि माल आणणारा तेवढा बाहेर गाडीवर बसलेला, असा प्रकार. मला हे कळलं ते एका ई-मेलच्या मंडळातून. जगभरातली काही माणसं म्हणत होती की एकट्या नावधारकांनाही खुर्ची द्या. कारण नियम झाले की ते आधी यांच्याच अंगावर येणार होते.

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी पेटलो. टायपिंगवाला माणूस, अर्ज लिहिण्यात हयात गेलेली. मी इंग्रजीत दोन पानी अर्ज केला. त्यात लिहिलं की महाराष्ट्रातल्या खानदेश भागात एकतीस माणसांची नावं आहेत. त्यात केळी पिकवणारे आहेत, गणित शिकवणाऱ्या बाई आहेत, वाजंत्री आहेत. या एकतीस जणांच्या वतीने मी खुर्चीची मागणी करतो. खाली एकतीस नावं. पाठवलं आणि बायकोला सांगितलं की आता जळगावचं नाव तिकडे वाचलं जातंय. तिने विचारलं, कुठे? मी म्हणालो, सगळीकडे.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मंडळाचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या, कॅनडाच्या बहुतेक, फार सभ्य. त्यांनी लिहिलं होतं : आपलं पत्र सुंदर आहे, सर्वांनी वाचलं. पण आम्ही नोंदी तपासल्या तर ही एकतीसही नावं एकाच माणसाच्या मालकीची दिसतात, तो माणूस म्हणजे आपण. तेव्हा आपण एकतीस जण नाही, एक आहात. शिवाय एका माणसाकडे एवढी नावं असली तर विरोधी बाजू त्याला एकटा धारक न म्हणता व्यापारी म्हणेल. कृपया नावं ज्यांची त्यांच्या नावे करून घ्या, मग आम्ही प्रत्येकाचं स्वागत करू.

तोंडात मारल्यासारखं झालं. सगळी पाकिटं सांभाळणारा मी, आणि माझ्याच टेबलावर एकतीस माणसं गायब झाली होती.

इथेच मी उठायला हवं होतं. नाव बदलून द्यायला सही लागे, त्या सहीचा दाखला लागे, फॅक्स लागे, आणि एकतीस माणसं पाच तालुक्यांत पसरलेली. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. मग म्हटलं, लग्नसराई जाऊ दे. खरं कारण त्याहून वाईट होतं आणि ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. दुकानात कोणी नवखा आला की मी ती नोंद उघडून दाखवायचो. एकतीस वेळा माझं नाव. समोरच्याचे डोळे मोठे व्हायचे. मला ते आवडत होतं.

अक्कांनी फोन करून एकदा विचारलं, "माझं माझ्या नावावर कधी करता?" मी म्हणालो, करतो. त्या म्हणाल्या, "शरदराव, वर्गात 'करतो' म्हणणाऱ्या मुलाची वही मी कधीच तपासली नाही. ती आलीच नाही माझ्याकडे."

मग एके दिवशी ई-मेल आला. परदेशात एक कंपनी होती. ती कसली तरी पावडर विकत होती, कसली ते मला अजून नीट कळलेलं नाही. त्या पावडरीचं नाव आणि नानांच्या वडिलांचं नाव एकच निघालं. त्यांच्याकडे ट्रेडमार्कचा कागद होता. त्यांची तक्रार होती की हे नाव आमचं आहे. निवाडा करणाऱ्यांनी लिहिलं होतं, महिन्याभरात उत्तर द्या. नोंद तेवढ्यापुरती गोठवली होती, म्हणजे आता मालक बदलायचा म्हटला तरी बदलता येणार नव्हता.

मी चोपड्याला गेलो. ट्रॉली खळ्यात उभी होती, मागचा पत्ता नवाकोरा. नानांना सगळं सांगितलं. ते घरात गेले आणि एक पिशवी घेऊन आले. सातबारा, मतदार यादीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला. "यामा बठ्ठीकडे मन्हा बाप शे," ते म्हणाले.

होताच. आपल्याकडे माणसाच्या नावात बाप असतोच. विठ्ठल सुपडू पाटील. दर कागदावर मधोमध सुपडू. यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मी प्रत्येक कागद इंग्रजीत केला, खाली लिहिलं की आमच्या भागात मधलं नाव वडिलांचं असतं, हा माणूस जन्मापासून हे नाव लावतो, पावडर काल आली. वकिलाला दाखवलं, तो म्हणाला, मी यापेक्षा चांगलं लिहिलं नसतं. पाठवलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला अर्ज होता.

उत्तर चार ओळींचं होतं. आपण पाठवलेली कागदपत्रं विठ्ठल सुपडू पाटील या व्यक्तीची आहेत. ही व्यक्ती सदर नावाची धारक नाही. धारक आपण आहात. आपला या नावाशी काही संबंध असल्यास त्याचा पुरावा द्यावा.

माझा काय संबंध असणार? माझ्या वडिलांचं नाव दामोदर.

नाव गेलं. मी ते सांगायला गेलो तेव्हा वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. नानांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. मी म्हणालो, "नाना, चूक माझी आहे. मला सहा महिने आधी कळलं होतं आणि मी हललो नाही."

नाना रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुन्हा भरोसावर ऱ्हायनू, त्यानं काही नही. पन मन्हा बापबद्दल ते लोक तुलेच इचारनार व्हतात, आनि तू त्याले वळखत नही व्हता."

त्यानंतरचे तीन महिने मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून फिरलो. चाळीसगाव, धुळे, शिरपूर, चोपडा. प्रत्येकाला समोर बसवून ई-मेल काढून दिला, कसा उघडायचा ते शिकवलं, सही घेतली, दाखला घेतला, आणि मालकाच्या रकान्यात पूर्ण तीन नावं टाकली. चौघे म्हणाले, आम्हाला नको ती कटकट, नाव जाऊ द्या. ती चार मी सोडून दिली. अक्कांनी माझ्या आधीच सगळे कागद तयार करून ठेवले होते. बँडमास्तरांनी सही करताना विचारलं, आता तरी पार्सल येईल का? शेवटी सव्वीस जण झाले. सव्वीस जणांनी आपापल्या पत्त्यावरून खुर्चीच्या मागणीचा अर्ज पाठवला. मजकूर मी टाइप केलेला, पाठवणारे ते. कॅनडाच्या बाईंनी विचारलं की तुमच्याकडे प्रत्येकाला तीन तीन नावं का असतात. मी त्यांना लिहिलं की मधलं सर्वांत महत्त्वाचं.

खुर्ची मिळाली का, असं लोक विचारतात. मी त्या मंडळात होतो तोवर तरी नाही. सभा झाल्या, ठराव झाले, दर वेळी पुढच्या सभेवर गेलं. मोठ्या गटांना ही माणसं मोजता येत नव्हती, आणि मोजता न येणारा माणूस सभेत बसवायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. पूर्वी मला त्यांचा राग यायचा. माझ्या एकतीस नावांनंतर तेवढ्या जोरात येत नाही.

सव्वीस जणांची छापील यादी घेऊन मी नानांकडे गेलो. त्यांनीच मागितली होती. खळ्यात ट्रॉली उभीच होती. मागचा पत्ता आता त्या पावडरीकडे जात होता. मी म्हणालो, "नाना, तेवढं पुसून टाका, लोक चुकतील."

"पुसानं मन्हा हातमा शे," नाना म्हणाले. "मी पुसाव नही."

मग त्यांनी यादी मांडीवर घेतली आणि एकेक नाव बोटाने खाली सरकत वाचलं. शेवटपर्यंत गेले, पुन्हा वर आले. "यामा मी कोठे शे?"

मी सांगितलं की यादीत यायला स्वतःच्या नावावर एक तरी नाव लागतं. तुमचं गेलं. माझ्याही नावावर आता काही नाही, मीही यात नाही.

नानांनी यादी माझ्यासमोर धरली. मग त्यांनी माझ्या खिशातला पेन काढला आणि माझ्याच हातात दिला.

"लिख."

"नाना, ते लोक मानणार नाहीत."

"नही मानोत. तू लिख."

मी सव्विसाव्या नावाखाली लिहिलं : विठ्ठल सुपडू पाटील. ती प्रत अजून माझ्याकडे आहे, चोपड्याच्या कप्प्यात. लिहायला अर्धं मिनिट लागलं. पहिल्या दिवशीही तेवढंच लागलं असतं.